जकातघराची उजवी बाजू

गवंडीमावशीला गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. असं तिची लेकच म्हणते, आणि लेकीनं चोवीस वर्षं प्रयत्न करून पाहिलेत.

तशी मावशी कुणी मोठी असामी नव्हे. बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या. दाराशी चुन्याचं पिंप, पिंपावर झाकण, झाकणावर दगड. आत चुना आठ-आठ महिने भिजत पडलेला. "चुना आणि राग, जेवढा मुरेल तेवढा चांगला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पण तिचा स्वतःचा राग मुरायला थांबलेला कुणी बघितला नाही. हात तर असे, की चुन्यानं बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्यात. कुठल्याही कचेरीत अंगठा टेकवा म्हणतात, ही टेकवते, आणि यंत्र म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. "यंत्र ओळखत नसेल मला, पण गावातल्या निम्म्या भिंती ओळखतात," म्हणते आणि उठून येते.

चुन्याचं काम तिला शिकवलं तिच्या सासऱ्यानं. नवरा लांब पल्ल्याची गाडी चालवायचा, आजही चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. सासरा गवंडी. नवी नवी सून असताना एकदा मजूर आला नाही म्हणून ही घमेलं घेऊन परांचीवर चढली. खाली उतरल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "भिंतीवर चुना कुणी मारला?" ही घाबरली. "मी, मामंजी. तुमचा हात दुखत होता म्हणून." म्हातारा भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पोरानं कधी हात लावला नाही. सुनेनं लावला. चला, माझं नशीब एक पिढी सोडून का होईना, उघडलं." दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन जकातघरापाशी गेला.

जकातघर बाजाराच्या तोंडाशीच आहे. लांबट दगडी इमारत, मधोमध मोठं दार. जकात बंद होऊन जमाना झाला. मग ते गोदाम होतं, मग कचेरी होती, मग कबुतरांचं झालं. पण रस्त्याकडच्या भिंतीवर, छपराच्या जरा खाली, चुन्यात काढलेली वेलीची पट्टी आहे. पानं, कळ्या, मधूनमधून पशाएवढी फुलं. दाराच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. कुणी केली, कधी केली, त्याचा कुठे कागद नाही. दोनशे वर्षं तरी झाली असतील असं म्हातारा म्हणायचा, आणि त्याला ते त्याच्या आज्यानं सांगितलेलं.

सात महिने त्यानं सुनेला डाव्या भिंतीखाली उभं केलं. वर बघायचं आणि फळीवर चुन्यात तसंच पान काढायचं. काढून झालं की म्हातारा थापीनं ते खरवडून टाकायचा. "पुन्हा." सात महिने हा एकच शब्द. डाव्या वेलीतलं सातवं पान उलटं आहे, देठ वर आणि टोक खाली. तिनं एकदा विचारलं, "मामंजी, हे असं का?" म्हातारा म्हणाला, "बायकोशी भांडून आला असेल त्या दिवशी." ती म्हणाली, "की सासऱ्याच्या हाताखाली शिकणारी सून असेल एखादी?" म्हातारा हसला, पण फळीवरचं पान खरवडायचं काही त्यानं सोडलं नाही.

अठरा वर्षांपूर्वी वादळात जकातघराचं उजवीकडचं छप्पर बसलं. जाताना वेलीची अख्खी उजवी पट्टी घेऊन खाली आलं. रस्त्यावर नुसता पांढरा चुरा. मंजुरी आली ती छपराची. त्या वेळचे इंजिनिअर भले माणूस होते. ते म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, वेलीबिलीसाठी कागदावर जागा नाही. तुम्ही छपराच्या कामात करून टाका, मी बघितलं नाही." तर अशी ती वेल झाली. कागदावर ती नाहीच.

म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले. तो खाली खुर्ची टाकून बसला आणि मावशी वर चढली. अकरा आठवडे. खालून म्हातारा ओरडायचा, वरून ही ओरडायची, आणि मध्ये परांचीखाली सहा वर्षांची लेक पोत्यावर बसून अभ्यास करायची, म्हणजे पेनांची टोपणं चावायची. एका पेनाला धड टोपण ठेवलं नाही पोरीनं.

पहिलं फूल बसवायच्या दिवशी म्हातारा म्हणाला, "थांब. गाभ्यात काहीतरी आजचं ठेव."

"आजचं म्हणजे?"

"काहीही. आज तुझ्या घरात असलेलं. जुन्याच्या शेजारी नवं करताना आत खूण सोडायची. उद्या कुणी फोडलं तर त्याला कळलं पाहिजे, हे कधीचं. खूण न सोडणारा गवंडी नव्हे, चोर." हे त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि आतल्याबद्दल कुणी बोलत नाही.

अकरा फुलं झाली. कशात बटण, कशात खिळा, कशात फुटक्या बांगडीची काच, मिळेल ते. उजवी पट्टी दारावर येते तिथलं सगळ्यात मोठं, बारावं फूल राहिलं तेव्हा तिच्या खिशात काहीच नव्हतं. तिनं खाली बघितलं. लेकीनं तोंडातलं निळं टोपण काढलं आणि वर फेकलं.

काम संपलं त्या दिवशी म्हातारा बराच वेळ मान वर करून बघत राहिला. मग म्हणाला, "बरं आहे." आयुष्यात त्यानं तिची केलेली स्तुती ती एवढीच. त्याच वर्षी तो गेला. आता कुणी कितीही वाहवा करो, मावशीला ती त्या दोन शब्दांपुढे पाणचट लागते.

तर आता लेक मोठी झाली. नकाशे छापायच्या दुकानात कामाला आहे, टोपणं अजून चावते. एका संध्याकाळी ती कागदाची मोठी गुंडाळी घेऊन घरी आली आणि जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर भांडी ठेवली.

"आई, जकातघर वारसा यादीत घेतायत. हा नकाशा आज छापून गेला. आणि हा अहवाल. ऐक. 'उजव्या बाजूची वेलपट्टी अत्युत्कृष्ट कारागिरीचा नमुना असून अंदाजे दोनशे वर्षे जुनी आहे.'"

मावशी भाकरी थापायची थांबली. "कुठली बाजू?"

"उजवी."

"अगो बाई!" ती तिथेच बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "दोनशे वर्षांची झाले की मी! म्हणून गुडघे दुखतायत." त्या संध्याकाळी तिला काय आनंद झाला म्हणून सांगू. दोनदा उठून आरशात बघून आली. शेजारणीला बोलावून अहवालातली ती ओळ पुन्हा वाचून घेतली. अत्युत्कृष्ट हा शब्द तर तीनदा.

मग लेकीनं खालची ओळ वाचली. वाचताना तिचा आवाज बारीक झाला. "'डाव्या बाजूची पट्टी ही नंतरच्या काळातली निकृष्ट दुरुस्ती आहे. झीज, असमान पाने व एक पान उलटे बसवलेले आढळते. सदर भाग काढून तेथे कलाचौक करण्यात यावा. जकातघराच्या वेलीपासून प्रेरणा घेऊन अठरा फुटी पोलादी पान उभारण्यात यावे.'"

मावशीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"म्हणजे खरं पान पाडणार आणि त्याच्या आठवणीत लोखंडाचं पान लावणार?"

"असंच दिसतंय."

"काय म्हणायचं ह्या अकलेला! कोण आहे हा लिहिणारा?"

लिहिणारे होते बाहेरून आणलेले एक तज्ज्ञ. बाजारात त्यांना भिंगवाले साहेब म्हणत, कारण ते आठवडाभर भिंग घेऊन भिंतीला चिकटले होते. माणूस वाईट नव्हता. पण त्याला कुणीतरी लहानपणीच सांगून ठेवलं असावं की जुनं ते सुबक आणि नवं ते ओबडधोबड. त्यानं उजवीकडे बघितलं, पानं चाकूनं कापल्यासारखी रेखीव. डावीकडे बघितलं, तर झिजलेली, वाकडी. झालं! सूनबाई झाली आजेसासूबाई, आणि आजेसासूबाई झाली कालची पोर. अहो, अठरा वर्षांचा चुना रेखीव नाही राहणार तर काय दोनशे वर्षांचा राहील?

आक्षेप घ्यायला पंधरा दिवस होते. मावशी दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या खिडकीवर गेली. अर्जात एक रकाना होता, 'मालमत्तेशी आपला संबंध'. तिनं कारकुनाला सांगितलं, "लिहा, उजवी बाजू मी केली." कारकुनानं वर बघितलं. "मावशी, ती दोनशे वर्षांची आहे." ती म्हणाली, "मग लिहा, बाई वयाच्या मानानं बरी राहिली आहे. पण लिहा."

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या दालनात झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधल्या खुर्चीवर अधिकारी मॅडम, शेजारी भिंगवाले साहेब. मागच्या बाकांवर बाजारातली पाचपन्नास माणसं. मॅडम कडक होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या.

"उजवी बाजू तुम्ही केलीत असं तुमचं म्हणणं आहे?"

"म्हणणं नाही. केली."

"काही कागद?"

"छपराच्या कामात दडवलंय. इंजिनिअरसाहेब म्हणाले होते, वेलीचं नाव काढू नका."

"ते कुठे आहेत?"

"वारले."

"ठेकेदार?"

"ते आहेत. पण त्यांना काही आठवत नाही. कलाचौकाचा ठेका मिळाल्यापासून आठवत नाही."

मागचे बाक हसले. मॅडमनी टेबलावर पेन आपटलं.

भिंगवाले साहेब समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण तीस वर्षं मी हेच बघतोय. उजव्या बाजूचं काम ज्या हातानं केलंय, तो हात आज कुठे उरलेला नाही."

मावशीनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, रेषा नसलेले, नखांत चुना असलेले. "मग हे काय कुणाचे उसने आणलेत? साहेब, तुम्ही मला शिवी देताय की शाबासकी, तेच मला कळेना."

"शिवाय डावीकडचं सातवं पान उलटं आहे. जुना कसबी कारागीर अशी चूक करणार नाही."

"का बरं? जुनी माणसं चुकत नव्हती? आम्हीच काय ते आजपासून चुकायला लागलो? माझ्यात चूक नाही, कारण माझ्या डोक्यावर... म्हणजे पायाखाली, खुर्ची टाकून माझा सासरा बसला होता. त्या बिचाऱ्याच्या खाली कुणी बसलं नसेल. आणि झिजलंय म्हणता, तर तुम्ही दोनशे वर्षं वाऱ्यात उभे राहा, मग तुमच्या नाकाची धार बघू."

आता मॅडमसुद्धा खाली बघून हसल्या असाव्यात. पण हसण्यावर निकाल लागत नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, एका बाजूला अहवाल आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसता तुमचा शब्द. मी काय करू?"

"भिंतीपाशी चला. मी फोडून दाखवते. आत खूण आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

भिंगवाले साहेब खुर्चीवरून उठलेच. "फोडून? नोटीस लागल्या दिवसापासून उजवी पट्टी संरक्षित आहे! हात लावणं गुन्हा आहे."

"माझ्या कामाला मीच हात लावायचा नाही?"

"ते तुमचं आहे हेच तर सिद्ध व्हायचंय," मॅडम म्हणाल्या.

"आणि फोडल्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि फोडू देत नाही. वा!" मावशी उभी राहिली. "मग एक लिहून घ्या. त्या वेलीच्या जागी पान लावायचंच असेल तर माझी वेल पाडा. मी हूं की चूं करणार नाही. पण डावीकडे हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे."

आक्षेप अमान्य झाला. सोमवारी सकाळी काम सुरू होणार असं ठरलं.

रविवारी मावशीनं छिन्नीला धार लावायला घेतली आणि मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. लेक काही चुकीचं बोलत नव्हती, हेच तर वाईट.

"आई, तुझं काम राहतंय. पितळी पाटी लागणार. कुणी हात लावला तर गुन्हा. तू गेल्यावरही ते राहील. आणखी काय पाहिजे माणसाला?"

"पाटीवर काय लिहिणार? दोनशे वर्षं. म्हणजे मी केलंच नाही. दुसऱ्याच्या नावावर जगून काय करू मी?"

"आणि डावीकडचा कोण होता, त्याचं तरी नाव माहीत आहे का तुला?"

"नाही. म्हणूनच तर. त्याच्या बाजूनं बोलायला माझ्याशिवाय दुसरं कोण आहे? त्यानं मला शिकवलं बये. सात महिने. मामंजी नुसते खरवडत होते, शिकवत तो होता."

लेक रडायला लागली. "अकरा आठवडे मी त्या परांचीखाली बसले. अख्खी सुट्टी गेली माझी. शाळेत विचारलं, तुझी आई काय करते, तर मी मुलींना ओढत नेऊन ती वेल दाखवायचे. आणि तू ती फोडणार."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा मावशी गप्प बसली, पण ते लेकीच्या लक्षात आलं नाही, कारण तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

सोमवारी सकाळी दहाला ठेकेदाराची माणसं डाव्या बाजूला परांची बांधत होती. मॅडम आल्या होत्या, भिंगवाले साहेब आले होते, एक हवालदारही होता. बाजार तर सगळाच लोटला होता. मावशी शिडी खांद्यावर घेऊन आली, उजव्या टोकाला लावली आणि कुणी काही म्हणायच्या आत चढलीसुद्धा. हवालदार म्हणाला, "मावशी, खाली या." ती म्हणाली, "येते, आधी वरचं काम होऊ दे."

तिनं निवडलं होतं अगदी टोकाचं, अकरावं फूल. ते जरा घाईत झालेलं होतं, गेलं तरी जीव फार तुटला नसता. माणूसच ती. देताना फाटकं लुगडं आधी देतो आपण. छिन्नी टेकवून तिनं दोन घाव घातले. फूल फुटलं. तिनं बोट घालून गाभा उकरला आणि निघालेली वस्तू खाली फेकली.

बटण होतं. शिंपल्याचं, पांढरं.

भिंगवाले साहेबांनी ते उचललं, भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "बाई, अशी बटणं दोनशे वर्षांपूर्वीही होती."

डावीकडून ठेकेदाराचा माणूस मोठ्यानं हसला. हवालदारानं शिडीला हात घातला. मावशी वर तशीच उभी राहिली. बारा फुलांपैकी कशात काय, ते तिला सगळं पाठ होतं. खिळा, काच, बटण, पुन्हा खिळा. ज्याच्याबद्दल कुणी तोंड उघडू शकणार नाही असं एकाच फुलात होतं. दारावरच्या. ज्याच्याकडे बघून म्हातारा बरं आहे म्हणाला होता त्याच्यात.

ती उतरली. एकटीच शिडी उचलायला गेली. गर्दीतून कुणीतरी पुढे आलं आणि शिडीचं दुसरं टोक धरलं. लेक होती. डोळे सुजलेले, कानावर पेन. दोघींनी शिडी दारापाशी लावली.

"धरून उभी राहा," मावशी म्हणाली.

"धरलीय. चढ."

हवालदार मॅडमकडे बघायला लागला. मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या, आणि हवालदाराला तेवढं पुरलं.

मोठ्या फुलाला सोळा पाकळ्या होत्या. मावशीनं पहिला घाव घातला तेव्हा तिच्या तोंडातून "आई गं" असं निघालं, जसं काही स्वतःच्याच बोटावर बसला. दुसऱ्याला चार पाकळ्या गेल्या. तिसऱ्याला मधलं सगळं निखळून लेकीच्या पायाशी पडलं. पांढऱ्या चुऱ्यात काहीतरी निळं दिसत होतं.

लेकीनं ते उचललं, ओढणीला पुसलं आणि भिंगवाले साहेबांच्या हातावर ठेवलं. "पेनाचं टोपण आहे. भिंग लावा, टोकाला दातांच्या खुणा दिसतील. त्या माझ्या आहेत. मी पहिलीत होते." आणि तिनं कानावरचं पेन काढून त्याचं टोपण शेजारी ठेवलं. तसंच चावलेलं.

बाजारात असा आवाज उठला की जकातघरातली सगळी कबुतरं उडाली.

भिंगवाले साहेब बराच वेळ भिंगातून बघत होते. त्यांचं एक मानावं लागेल, त्यांनी सबब सांगितली नाही. वर बघून ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी दोन्ही बाजू उलट्या वाचल्या." मग म्हणाले, "बाई, हे फार सुंदर फूल होतं." मावशी शिडीवरूनच म्हणाली, "माहीत आहे मला. माझंच होतं." आणि मग ती सगळ्या बाजारासमोर रडली, लाज न बाळगता, छिन्नी हातात धरून.

डावीकडची परांची त्याच दुपारी उतरली. स्वतःचंच काम फोडल्याचा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा ते हवालदाराला कळेना, तेव्हा त्यानंही नाद सोडला. टोपण पुरावा क्रमांक एक म्हणून नगरपालिकेत जमा झालं.

पण पंधरा दिवसांनी पत्र आलं. डावी बाजू संरक्षित. उजवी बाजू अठरा वर्षांपूर्वीची, सबब वारसा नव्हे. कलाचौक आता उजवीकडे होईल. 'आपण सुनावणीत दिलेल्या संमतीनुसार' उजवी पट्टी काढण्यात येईल. घ्या! उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचं हे फळ. बाजारातली माणसं सांत्वनाला आली. कुणी म्हणालं, मावशी, तुम्हीच म्हणाला होतात माझी पाडा. मावशीनं सगळ्यांना चहा दिला.

चौथ्या दिवशी तिनं पिंपावरचा दगड काढला. मुरलेला चुना घमेल्यात घेतला, शिडी घेतली आणि भर बाजारात दारावरचं फूल भरायला चढली. कारकून धावत आला. "मावशी, हे पाडायचंय!"

"हे संरक्षित आहे का?"

"नाही ना आता."

"मग हात लावायचा गुन्हाही नाही. बाजूला व्हा, अंगावर उडेल."

सोळा पाकळ्या दोन दिवसांत झाल्या. मधला गाभा भरायच्या वेळी तिनं खाली हात केला. लेकीनं कानावरच्या पेनाचं टोपण काढलं, एकदा शेवटचं चावलं आणि वर दिलं.

मग हात धुऊन मावशी नगरपालिकेत गेली आणि नवा अर्ज मागितला. कारकुनानं तिला सरळ मॅडमपुढेच नेऊन उभं केलं. मॅडम वैतागल्या होत्या.

"मावशी, आता काय? तुमची डावी बाजू राहिली ना? उजवी पाडा असं तुम्हीच लिहून दिलंत."

"दिलं होतं. तेव्हा डावीच्या मानेवर सुरी होती. आता नाही. आता माझा शब्द मी परत घेतेय."

"असा शब्द परत घेता येतो का?"

"तुम्ही अहवाल परत घेतलात की."

मॅडमनी खुर्चीत मागे टेकून डोळे चोळले. "अहो, पण कारण काय लिहू? ती जुनी नाही, हे तुम्हीच सगळ्या गावासमोर सिद्ध केलंत. नव्या कामाला संरक्षण कसलं?"

"मॅडम, डावी ज्या दिवशी झाली, त्या दिवशी तीसुद्धा नवीनच होती. जुनी म्हणून कुणी करत नाही. मधल्या दोनशे वर्षांत कुणी पाडली नाही, म्हणून जुनी झाली. माझीही होईल. तुम्ही नुसतं थांबायचंय. लिहा, कारण हेच."

मॅडमनी अर्ज ओढला, लिहिलं, वर पोहोचीचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "फेरविचारासाठी घेते. पण वेळ लागेल हं. मला पुन्हा तज्ज्ञ बोलवावे लागतील, वर पाठवावं लागेल, तिथून परत यावं लागेल."

"सरकारी काम आणि सहा महिने थांब," मावशी म्हणाली. "मला घाई नाही."

ह्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. पोलादी पान नगरपालिकेच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली आडवं पडलंय. फाईल अजून वर आहे. मावशी रोज सकाळी पिंपातला चुना ढवळून जकातघरावरून जाते, आधी डावीकडच्या उलट्या पानाकडे बघते, मग उजवीकडे, आणि कारकून भेटलाच तर त्याला हटकून सांगते, "घाई करू नका हो. अठरा आणि तीन, एकवीस झाली, एकशे एकोणऐंशी राहिली."